उभ्या दगडाला टाकी नाही

उस्मानभाईंचं नाव निघालं की मला आधी आठवते ती त्यांची थुंकी. माणसाची आठवण अशी सुरू करू नये हे मला कळतं. पण दुसरीकडून सुरू केलं तर ते खोटं होईल, आणि खोट्या कामावर उस्मानभाई हमखास थुंकायचे.

ढाणकीच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले ते छप्पन्न साल सरता सरता. यवतमाळात वाढलेली, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग केलेली, त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजणारी. सुभद्राकाकूंच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती आणि जेवण त्यांच्याकडेच होतं. पहिल्याच आठवड्यात ज्वारीच्या भाकरीत कचकच लागायला लागली. दाताखाली कच आली की सगळ्या अंगावर काटा येतो, मानेपर्यंत शिरशिरी जाते. पण नव्या माणसाने घरमालकिणीच्या भाकरीला नावं कशी ठेवायची? मी मुकाट्याने गिळत राहिले.

मग एका सकाळी ओसरीवर एक उंच, वाळका म्हातारा येऊन बसला. पांढरी दाढी, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. काही न विचारता त्यांनी काकूंच्या डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, समोरच्या दातांनी हलकंच चावलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकले.

"काकू, हे पीठ हाय का नदीतली रेती हाय? कोणाच्या हातचं काम हाय हे?"

"आलता एक फिरता," काकू ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही गावात नव्हते नं."

"आलता, आन तुम्ही त्याले जातं देल्लं! माणसाले दात किती डाव येतात, काकू? दोन डाव. हे तुमचे दुसरे हायेत."

जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो, पीठ पडत नाही. मग पोलादी टाकीने आणि हातोडीने त्याच्या पोटाला बारीक खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. उस्मानभाईंचा हा पिढीजात धंदा. ढाणकीपासून उमरखेडपर्यंतची जाती त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या सकाळी त्यांनी जात्याची वरची तळी आडवी पाडली, ओल्या फडक्याने पुसली, तिच्यावर पंजा ठेवून ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन तास मान वर केली नाही. मग काकूंना मूठभर ज्वारी दळायला लावली. ते पहिलं पीठ त्यांनी स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकलं.

"अहो, गाईले घातलं असतं," काकू म्हणाल्या.

"काहून? गाईले दात नाहीत काय?"

दुसऱ्या मुठीचं पीठ त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटून चावलं आणि गिळलं. गिळलं म्हणजे काम झालं. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती, स्वतःलाही नाही. कच लागली असती तर मजुरी न घेता पुन्हा बसले असते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

गावात त्यांना थूभाई म्हणत. मागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. एकूणच या जगाची त्यांना किळस होती आणि ती लपवायचे कष्ट ते घेत नसत. हॉटेलातल्या कपाला त्यांनी कधी ओठ लावला नाही. पिशवीत टाक्यांच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा पितळी पेला असायचा. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात जेवायला बसले असताना वाढप्याने पळी लुंगीला पुसलेली त्यांनी पाहिली आणि भरल्या पानावरून उठले. पुतण्याचं सासर वर्षभर रुसून होतं. "रुसू द्या," ते म्हणाले, "पळी तं लुंगीलेच पुसली नं?" गावात इंजिनावरची चक्की आली तेव्हा बायका रांगा लावून दळायला गेल्या. जात्यावरून सुटका झाली म्हणून मीही खूष होते. उस्मानभाईही एक दिवस चक्कीवर गेले. तिथलं पीठ हातात घेतलं. ते गरम होतं. त्यांनी चाखलंसुद्धा नाही. "आजारी माणसाच्या आंगावानी लागते," एवढंच म्हणून ते निघून आले. त्या चक्कीने त्यांचा धंदा खाल्ला, पण त्यांची तक्रार पिठाबद्दल होती.

खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडायचा, कारण मलाही किळस फार. फरक एवढाच की मी गिळत असे आणि ते थुंकत असत. तो फरक किती मोठा आहे हे कळायला मला काही वर्षं लागली.

साठ सालानंतरची गोष्ट. चौथीच्या मुलींना मी आदिमानव शिकवत होते. पुस्तकात दगडी हत्यारांचं एक भिकार चित्र होतं, मुलींना त्यातून काही कळेना. दगडातला माणूस म्हणून मी उस्मानभाईंना वर्गात बोलावलं. त्यांनी चित्र पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "चित्र कायले पाहता? चाला, मी उभा दाखवतो."

ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगेकडे डोंगरांच्या ओळी आहेत. बैलगाडीने तीन तास, मग गाडी सोडून एक खिंड पायी चढायची. पलीकडे दरी आहे, सागाची आणि मोहाची. दरीत आंध आदिवासींची दहा-बारा घरं. तिथल्या चंद्रभागाबाई दर आठवड्याला ढाणकीत मोळ्या विकायला यायच्या, त्यांच्याच गाडीतून आम्ही गेलो. उस्मानभाई, सुभद्राकाकू आणि मी.

दरीच्या तळाशी, ओढ्याच्या काठी, एक काळा दगड एकटा उभा होता. दोन पुरुष उंच, वर निमुळता, किंचित उगवतीकडे झुकलेला. शेंदूर नाही, फूल नाही, नाव नाही. दरीतले लोक त्याला नुसता 'उभा' म्हणत. जाता-येता बायका त्याच्या पायाशी हिरवी डहाळी ठेवत. नवस नाही, मागणं नाही. चंद्रभागाबाईंनी चालता चालता पळसाची डहाळी मोडली, तिथे ठेवली आणि आमच्याशी बोलणं चालूच ठेवलं.

"कशासाठी हो?" मी विचारलं.

"तो उभा हाय नं इतक्या दिसापासून," त्या म्हणाल्या. मला कळलं नाही हे पाहूनही त्या पुढे चालू लागल्या.

उस्मानभाईंनी वहाणा काढल्या. मग पायथ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत त्यांनी तो दगड तळहाताने चाचपला. सावकाश, सगळ्या बाजूंनी. गुराच्या अंगावरून हात फिरवतात तसा.

"पाहा बाई, हात लावा. याले घडवलाय. पन टाकीचा घाव कुठीच नाही. लोखंड लागलंच नाही याले. दगडानं दगड घासला, पानी आन रेती टाकून. किती जनांनी, किती सालं घासला असन?"

"लोखंडाआधीचा म्हणजे हजारो वर्षांचा झाला, उस्मानभाई."

"तुम्ही म्हनता तं असन. आमच्या बापानं मले इथंच शिकवलं. म्हने, उभ्या दगडाले टाकी नाही. आडवा पाडा, मंग टाकी लावा. उभ्याले मारलं तं खपली उडते, मारनाऱ्याचा डोया जाते. आन डोया नाही गेला तरी मारू नाही." त्यांचा पंजा दगडावरच होता. "हे ज्यानं केलं नं बाई, त्याच्या कामात कच नाही."

तोंडात जमलेलं त्यांनी गिळलं. थुंकायचंच असतं तर ते ओढ्यापलीकडे गेले असते. त्या दिवशी सबंध दरीत ते एकदाही थुंकले नाहीत.

आता माझी पाळी.

त्या वर्षी बक्षीस समारंभाला गावचे एक पुढारी पाहुणे होते. नाव सांगत नाही, सगळे भाऊसाहेब म्हणत. पांढराशुभ्र पोशाख, तोंडात कायम पान. मला भाषण करायला सांगितलं होतं. मी त्या दगडावर बोलले. अश्मयुग म्हणाले, संस्कृती म्हणाले, 'आपल्या भागाचं अज्ञात वैभव' म्हणाले. उस्मानभाईंचं नाव मी घेतलं नाही. विसरले म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. ढाणकीच्या टाकीवाल्याने दाखवला म्हटलं असतं तर माझं भाषण लहान झालं असतं. टाळ्या पडल्या. भाऊसाहेब उभे राहून म्हणाले, "बाईंनी शोध लावला! आता त्या जागेचं कायतरी केलंच पाहिजे."

कायतरी म्हणजे दगडावर नावं कोरायची. पंधरा दिवसांनी ते माणसं घेऊन उस्मानभाईंच्या दारी गेले. मलाही बरोबर नेलं, 'संशोधिका' म्हणून. उस्मानभाई ओट्यावर पेला धूत होते.

"उभ्या दगडाले टाकी नाही, भाऊसाहेब. आमच्या धंद्यात नाही."

"मग आडवा पाडू. कोरून झाला की पुन्हा उभा करू."

"करान तुम्ही. पन ज्यानं उभा केला तो काय पुन्हा येनार हाय?"

"अरे, दगडच तर हाय!"

उस्मानभाई उठले, ओट्याच्या टोकाला गेले आणि थुंकले. कोणाच्या अंगावर नाही, पण भाऊसाहेबांच्या डोळ्यांदेखत. भाऊसाहेब नुसते हसले आणि वळले. त्या दिवसापासून ज्या मोठ्या घरांत अजून जाती होती, तिथून उस्मानभाईंना बोलावणं आलं नाही.

माणसं पांगल्यावर उस्मानभाई माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही सांगा त्याले. तुमचं आयकन तो. तुम्हीच दाखवला म्हनते नं."

"बघते," मी म्हणाले. बघते म्हणणाऱ्या माणसाला काही बघायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी भाऊसाहेबांना भेटलेच नाही. शाळेच्या नव्या खोल्यांचा अर्ज त्यांच्याकडे पडून होता, असं मी स्वतःला बजावलं. अर्ज पडून होता हे खरं. पण मला मोठेपणा हवा होता, हे त्याहून खरं.

उमरखेडकडून मैलाचे दगड कोरणारा एक जण आणवला. 'अनावरणा'च्या दिवशी आम्ही सगळे दरीत गेलो. ते जे पाहिलं त्याची आज लिहितानाही शिसारी येते. दगडाच्या पायथ्याशीच तीन धोंडे मांडून बकरं शिजत घातलेलं. हाडकं ओढ्यात. पळसाच्या डहाळ्या चुलीत. पानाच्या पिचकाऱ्या दगडाच्या बुडावर, हात पोचेल इतक्या जवळ उभं राहून मारलेल्या. एक गृहस्थ दगडाच्या मागे जाऊन त्यालाच लघवी करून नाडी बांधत बाहेर आले आणि तसेच पंगतीला बसले. दगडाच्या खालच्या अंगावर, बसल्या माणसाचा हात पोचेल तिथे, ओबडधोबड अक्षरं, खोलीही धड नाही. त्यांत लाल ऑइलपेंट भरलेला, तो ओघळून खाली आला होता. कोरताना खपली उडून कोरणाऱ्याची भुवई फाटली होती. तो पट्टी बांधून बसला होता आणि लोक त्याला हसत होते. भाऊसाहेबांचं नाव, हुद्दा, तारीख. खाली बरोबरच्या चौघांची नावं. आणि अगदी शेवटच्या ओळीत: संशोधिका कु. सुमन.

ती ओळ वाचून मी हसले.

एक क्षणच. लगेच तोंड सावरलं, नापसंती चेहऱ्यावर आणली. पण आधी हसले. हजारो वर्षांच्या दगडावर, लघवीच्या वासात, मटणाच्या धुरात, माझं नाव होतं आणि मला बरं वाटलं. जगातल्या घाणीवर नाक मुरडत फिरणारी मी! त्या सगळ्या पंगतीत माझ्याइतकं ओंगळ कोणी नव्हतं. त्यांना निदान कळत तरी नव्हतं.

मान वळवली तेव्हा दूर मोहाखाली उस्मानभाई उभे दिसले. ते कधी आले, कोणासोबत आले, कोण जाणे. मी हात करायच्या आत ते खिंडीकडे चालू लागले होते.

त्यानंतर ते मला रस्त्यात भेटत. सलाम करत, काकूंची खुशाली विचारत आणि पुढे जात. दगडाचं नाव ना त्यांनी काढलं ना मी. वर्ष गेलं. एकदा मोळी टाकायला आलेल्या चंद्रभागाबाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उभ्यापाशी डहाळ्या ठेवता ना अजून?"

"कायले ठेवू? आता तो तुमचा झाला. नावं हायेत नं तुमची." राग नव्हता त्यांच्या आवाजात. दुसऱ्याच्या शेतातून आपण वाट काढत नाही, तितक्या साधेपणाने त्या बोलल्या. मोळी सोडताना पुढे म्हणाल्या, "म्हातारा येते पन दर आयतवारी. थूभाई. घासत बसते दिवसभर."

माझी दिग्रसला बदली झाली होती. सामान बांधायला आठ दिवस होते. त्या रविवारी पहाटे मी चंद्रभागाबाईंच्या गाडीत बसून दरीत गेले.

उस्मानभाई दगडाला बिलगूनच बसले होते. शेजारी पाण्याचा गडवा, ओढ्यातली रेती, हातात कुरुंदाचा तुकडा. कुरुंद म्हणजे तो खरखरीत दगड, ज्यावर हत्यारं घासतात. टाकी-हातोडीची पिशवी आणलीच नव्हती. पाणी मारायचं, रेती टाकायची, घासायचं. बोटांची सालं निघालेली, चिंध्या बांधलेल्या. त्यांचा दम लागलेला मला लांबूनच ऐकू येत होता. पेंट पार गेला होता. भाऊसाहेबांचं नाव, हुद्दा, तारीख, चौघांची नावं, सगळं गेलं होतं. तिथे उथळशी, स्वच्छ खोलगट जागा उरली होती. तिच्यावरून हात फिरवला तर हाताला काही लागत नव्हतं.

शेवटची ओळ मात्र जशीच्या तशी होती. तिला त्यांनी हात लावला नव्हता.

"हे राहिलं, उस्मानभाई," मी म्हणाले.

"हो."

"का?"

ते संकोचले. या माणसाला संकोचताना मी पहिल्यांदा पाहत होते. "तुमचं नाव हाय बाई. तुम्हाले विचारल्याबिगर कसं पुसू? त्या दिवशी तुम्ही हासल्या होत्या. म्हटलं, बाईले आवडलं असन तं राहू द्या."

ते टोमणा मारत असते तर किती बरं झालं असतं! पण टोमणा त्यांच्या कामात बसतच नव्हता. एखाद्याचं जातं विचारल्याशिवाय उघडू नये, तसंच हे.

मी कुरुंद मागितला. त्यांनी फडक्याने पुसून दिला आणि बाजूला सरले. मी घासायला बसले. 'संशोधिका'पासून सुरुवात केली, कारण त्या ओळीत सगळ्यात मोठं खोटं तेच होतं. काळा दगड काय असतो ते त्या दिवशी मला कळलं. तासाभरात फक्त अनुस्वार गेला. तळहाताला फोड आले, फुटले, रेती आत गेली. उस्मानभाई मध्येमध्ये पाणी मारत, पण घासायला हात लावत नव्हते. 'स' गेल्यासारखा वाटला तेव्हा मी हात थांबवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तर्जनी ओली करून त्या जागेवरून फिरवली. मग पंजा. डोळे मिटले.

"कच हाय अजून," ते म्हणाले.

मला ढाणकीला परत सोडायला गाडी निघायची वेळ झाली. चंद्रभागाबाई हाका मारत होत्या. मी उठले, पुढच्या आयतवारी नक्की येते म्हणाले. त्यांनी मान डोलावली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी मी दिग्रसला नवं घर लावत होते. त्याच्या पुढच्या रविवारी हाताचे फोड सुकायचे होते. मग पावसाळा लागला, ओढे भरले. मग परीक्षा आल्या. दिग्रसहून ढाणकी काही काशी-रामेश्वर नव्हती. बसने अर्ध्या दिवसाची वाट. मी गेले नाही. दोन वर्षांनी काकूंचं पत्र आलं, थूभाई गेले म्हणून. दगडाचं त्यात काही नव्हतं, आणि मी उत्तरातही विचारलं नाही.

त्या रविवारी दरीतून परतताना, खिंड चढायला लागण्याआधी मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. दरीत ऊन तिरपं झालं होतं. दिवस मावळायला अजून अवकाश होता, आणि मला वाटलं होतं, उरलेली ओळ आता ते स्वतःच घासायला घेतील. पण ते घासत नव्हते. कुरुंद मी ठेवला होता तिथेच, माझ्या ओळीखाली होता. त्यांनी गडवा भरून त्याच्याशेजारी ठेवला, वाहून गेलेल्या रेतीच्या जागी ओंजळभर नवी रेती आणून टाकली आणि मी बसले होते ती जागा मोकळी सोडून ते पलीकडे बसून राहिले.